राठोडभाऊंच्या गुलाबाचा डोळा

गुलाब लावणाऱ्यांकडे फुलांपेक्षा किस्से जास्त साचतात. फूल चार दिवसांत झडतं. किस्सा मात्र दर रविवारी चहाबरोबर पुन्हा निघतो आणि दरवेळी सांगणाऱ्याच्या सोयीनं थोडा वाढतो. गुलाबवाली माणसं मनानं फार हळवी असतात, असं कोणी म्हणालं की मला हसू येतं. त्यांनी आमचा ग्रुप पाहिलेला नाही.

आम्ही चौघं, यवतमाळला लोहाऱ्याच्या बाजूच्या एका कॉलनीतले. मी आर्णीच्या शाळेतून रिटायर झालेली मास्तरीण. कुंदाताई बँकेतून रिटायर झालेल्या. वकीलसाहेब अजून कोर्टात जातात, पण गुलाबाच्या मोसमात तारखा मागून घेतात. आणि राठोडभाऊ, एसटीचे ड्रायव्हर होते, मूळचे महागावकडच्या तांड्यावरचे. दर रविवारी सकाळी एकेकाच्या अंगणात फेरी असते. झाडं बघायची, चहा घ्यायचा आणि घरी जाऊन जळायचं. यातलं शेवटचं कोणी बोलून दाखवत नाही.

ग्रुपचा नियम एकच. मागितलेला डोळा नाकारायचा नाही. डोळा म्हणजे फांदीवरचा तो बारका कोंब. तो सालीसकट काढून रानगुलाबाच्या खुंटात बसवला आणि पट्टीनं बांधला की तुमच्याकडेही तोच गुलाब होतो. हा नियम वकीलसाहेबांनी केला, कारण तेव्हा सगळ्यात कमी झाडं त्यांच्याकडे होती.

दुसरा एक नियम आहे, तो कोणी केला नाही, आपोआप झाला. दुसऱ्याच्या फुलाला नुसतं चांगलं म्हणायचं नाही. "फूल मोठं आलं. वास असता तर मजा होती." किंवा, "रंग मस्त आहे, फोटोत तर अजूनच मस्त वाटत होता." एवढं ऐकलं की समजायचं, समोरचा पुरता जळाला.

*

कुंदाताईंची फुलं बशीएवढी यायची. काय टाकता म्हणून विचारलं की त्या पदर सावरून सांगायच्या, "मी काहीच टाकत नाही. निव्वळ पाणी."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला आणि एक अख्खा हिवाळा माझ्या झाडांना निव्वळ पाणी दिलं. झाडांच्या वाळक्या पऱ्हाट्या झाल्या, नुसत्या काड्या. कुंदाताई येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "पाणी वेळेवर देत नसाल."

एका रविवारी त्यांच्याकडे फेरी होती आणि गेट उघडं राहिलं. गवळ्याची एक म्हैस आत शिरली. तिनं मेथीच्या वाफ्याकडे बघितलं नाही, लॉनकडे बघितलं नाही. सरळ गुलाबाच्या कुंडीत तोंड घातलं आणि माती खायला लागली. पहिली कुंडी झाली, दुसरी झाली. मातीत मिसळलेल्या सरकीच्या ढेपेचा वास आम्हालाही आला, म्हशीला तर रस्त्यावरूनच आला असणार. कुंदाताई झाडू घेऊन तिच्या पाठीवर हाणत होत्या आणि म्हैस कुंडी चाटत होती.

राठोडभाऊ शांतपणे म्हणाले, "ताई, तिले लय तहान लागली वाटते."

*

वकीलसाहेबांच्या एका झाडाला एके वर्षी असा जबरदस्त फुटवा आला की दोन महिन्यांत तो कंपाउंडच्या वर गेला. त्यांनी त्याला सुतळी बांधली, बांबू लावला, आणि आम्हाला खास बोलावून दाखवला.

आता गुलाबवाल्यांना माहीत असतं. बांधलेल्या डोळ्याच्या खालून, खुंटातून जे फुटतं ते रानगुलाबाचं. ते काढून टाकायचं, नाहीतर ते वरच्या चांगल्या गुलाबाचं सगळं खाऊन घेतं. ओळखायचं कसं, तर आपल्या गुलाबाला एका देठावर बहुतेक पाच पानं असतात, रानगुलाबाला सात. वकीलसाहेबांचा फुटवा सातचा होता. हे आम्हाला गेटमधूनच दिसलं.

कुंदाताई म्हणाल्या, "काय जोर आहे हो!" मी म्हणाले, "असं झाड मी आर्णीतही पाहिलं नाही." राठोडभाऊ काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात मी त्यांच्या हातात बिस्किटांची प्लेट दिली.

असे दोन हिवाळे गेले. फुटवा वाढत होता, खरा गुलाब वाळत होता आणि आम्ही कौतुक करत होतो. मग एका रविवारी वकीलसाहेबांनी चहाचा कप मधेच खाली ठेवला.

"तुम्ही तिघं दोन वर्षांपासून माह्या झाडाची तारीफ करून राह्यले," ते म्हणाले. "आणि एकानंही 'पण' म्हटलं नाही. म्हणजे झाडात नक्कीच खोट आहे."

त्यांनी चष्मा लावला, फांदी ओढली आणि पानं मोजली. पुढचे तीन रविवार ते आले नाहीत.

*

आमच्या त्या कौतुकाची परतफेड वकीलसाहेब कुंदाताईंना करायला गेले असं मला वाटतं, पण आपटले तेही. कुंदाताईंनी नर्सरीतून पाच लाल गुलाब आणले, पाच वेगवेगळ्या नावांचे. वकीलसाहेबांनी भिंग काढलं. याची पाकळी जरा निळसर, त्याची मखमली, हा उन्हात काळवंडतो, तो नाही. अर्धा तास आम्ही सगळे माना डोलवत होतो. मलाही फरक दिसायला लागला होता, खोटं कशाला बोलू.

पुढच्या आठवड्यात नर्सरीवाला खताची पोती टाकायला आला. वकीलसाहेबांनी त्याला झाडांजवळ नेऊन विचारलं, "यातला सगळ्यात जुना वाण कोणता?"

तो म्हणाला, "साहेब, माल एकच आहे. ताईंनी पाच नावं मागितली, म्या पाच चिठ्ठ्या लावल्या."

*

आता माझं सांगते. दुसऱ्यांचं सांगितलं, तर हेही सांगायला पाहिजे.

माझ्याकडे एक पिवळा गुलाब होता, आणि तेवढाच एक होता जो बाकीच्यांकडे नव्हता. कुंदाताईंनी त्याचा डोळा मागितला. नाकारता येत नव्हतं. मी झाडामागं गेले आणि ज्या फांदीला तीन वर्षांत कळी धरली नव्हती, तिचा सगळ्यात मरतुकडा डोळा काढला. ओल्या फडक्यात छान गुंडाळून दिला. वरून म्हणाले, "जपा हं."

कुंदाताईंकडे तो पिवळा असा फुलला की रस्त्यावरून जाणारे थांबायचे. माझं झाड त्याच उन्हाळ्यात गेलं. मग मलाच त्यांच्याकडे डोळा मागायला जावं लागलं. त्यांनी पण फडक्यात छान गुंडाळून दिला आणि म्हणाल्या, "जपा हं." तो काही लागला नाही.

तेव्हापासून मला पक्कं कळलं की डोळा देऊनही न देता येतो. आणि मी राठोडभाऊंवर संशय घ्यायला लागले.

*

राठोडभाऊंचा गुलाब त्यांनी तांड्यावरून, आईच्या अंगणातून आणलेला. पिकल्या पपईच्या गराचा रंग, कडेला गुलाबी, आणि वास फाटकापर्यंत. त्याचं नाव कोणालाच माहीत नाही. वकीलसाहेबांनी पुस्तकं पाहिली, कुंदाताईंनी मोबाईलला विचारलं. राठोडभाऊ म्हणतात, "गुलाब हाये, इतकं माहीत हाये ना, बस झालं."

मला तो पाहिजे होता. आयुष्यात मी फार गोष्टींचा हट्ट केला नाही, पण हा गुलाब माझ्या अंगणात एकदा फुललेला मला बघायचा होता. तो त्यांच्याकडे फुललाय हे मला सहनच व्हायचं नाही. मी त्यांच्या घरावरून जायचं टाळायचे आणि लांबून फिरून भाजी आणायचे.

पहिल्या वर्षी डोळा मागितला, त्यांनी दिला. मी बांधला. महिनाभरात लालसर कोंब फुटला, दोन पानं आली, आणि एका दिवसात सगळं काळं पडलं. दुसऱ्या वर्षी तेच झालं. तिसऱ्या वर्षी कोंब वीतभर झाला होता आणि मी आमच्या ह्यांना रोज हाक मारून दाखवत होते. हे म्हणायचे, "हो, दिसला." मग तोही गेला.

त्या रविवारी मी सगळ्यांसमोर बोलले. "भाऊ, नियम आहे म्हणून डोळा देता, पण मेलेल्या फांदीचा देता. द्यायचा नसेल तर तसं सांगा."

राठोडभाऊंचं तोंड उतरलं. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, मायच्या झाडाची शपथ, असं नाही केलं म्या." चहा अर्धा टाकून गेले.

चौथ्या वर्षी ते स्वतःच चाकू आणि पट्टी घेऊन माझ्याकडे आले. झाडावरची सगळ्यात चांगली फांदी कापून आणली होती. उकिडवं बसून त्यांनी स्वतःच्या हातानं डोळा बसवला, बांधला आणि म्हणाले, "आता पाहू."

कोंब आला. पानं आली. कळीही धरली, ज्वारीच्या दाण्याएवढी. मी दोन वेळा मोजून पाणी देत होते. सकाळी तिथंच पाट टाकून बसत होते.

एका दुपारी मी पेन्शनच्या कामाला गेले आणि ऑफिसातले साहेब जागेवर नाहीत म्हणून लवकर परत आले. मागच्या अंगणात आमचे हे वाकलेले होते. हातात चहाचं पातेलं होतं आणि त्यातून वाफ निघत होती. शेजारच्या झाडाला लागू नये म्हणून एक हात आडवा धरून हे हळूहळू त्या खुंटाच्या मुळाशी उकळतं पाणी सोडत होते.

"काय करून राह्यले?" मी म्हटलं.

ह्यांनी वर पाहिलं. पातेलं लपवलं नाही.

"चार वर्षांपासून हेच?"

"हो."

"काहून?"

ह्यांनी हनुवटीनं त्या कोंबाकडे दाखवलं. मग म्हणाले, "बाकीच्या झाडांले तू पाणी देतं. याच्यापाशी बसतं. चहा इथंच पेतं. उठल्याबरोबर राठोडचा कोंब, जेवताना राठोडचा कोंब. माह्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तवा तू तिसऱ्या दिवशी शाळेत गेलती."

चार वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि राठोडभाऊंचं ते उतरलेलं तोंडही. मी पुढे होऊन ह्यांच्या हातातून पातेलं घेतलं. त्यात अजून निम्मं पाणी होतं. ते मीच त्या खुंटाच्या मुळाशी ओतलं.

पुढच्या रविवारी फेरी आमच्याकडेच होती. राठोडभाऊ आल्या आल्या मागच्या अंगणात गेले आणि काळ्या पडलेल्या खुंटाजवळ उभे राहिले. वकीलसाहेब आणि कुंदाताई माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी म्हटलं, "भाऊ, डोळा तुमचा चांगलाच होता. दर साली चांगलाच होता. माह्या हातानं गेला. मागं बोलली ते चुकलं माह्यं."

आमच्या ग्रुपमध्ये असं कोणी कधी बोललेलं नव्हतं. वकीलसाहेबांचं बिस्किट चहात पडलं.

राठोडभाऊंनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. "जाऊ द्या मॅडम," ते म्हणाले. "झाडाचं असंच राह्यते. पुढच्या साली अजून एक डोळा देतो तुम्हाले."

आमचे हे ट्रे घेऊन चहा देत होते. राठोडभाऊंच्या हातात कप दिला आणि म्हणाले,

"एक नका देऊ, भाऊ. दोन द्या. एक हिले, एक मले."