एक लांब शिट्टी

विडी पेटवताना यादव पगारे काडीवर तळहात धरत, उजेड बाहेर जाऊ नये म्हणून. सायकलच्या दिव्याचा वरचा अर्धा भाग काळा ठेवत. रविवारी शिट्टी उन्हात वाळवत. घरातून निघताना आधी वर बघत, मग चपला शोधत.

एकाहत्तरच्या लढाईत ते नाशिक रोडच्या आपल्या कॉलनीचे, ब्लॅकआउट पाळायला लावणारे वॉर्डन होते. लढाई संपली. पत्र्याचं हेल्मेट त्यांच्याकडेच राहिलं. त्यात त्यांची बायको साळूबाई लसूण ठेवी.

एकोणऐंशीच्या जुलैत हेल्मेटचे दिवस फिरले. स्कायलॅब नावाची अमेरिकेची अवकाशातली प्रयोगशाळा खाली येत होती. कुठे पडेल, कुणालाच ठाऊक नव्हतं. सरकारी कचेरीतून पगारेकाकांना नवी शिट्टी आणि टॉर्चचे दोन सेल मिळाले.

"काका, एवढ्या आभाळाला दोनच सेल?" चंदरनं विचारलं. तो शेजारचा. मराठीत बी.ए., नोकरी नाही. म्हणून काकांनी त्याला उपवॉर्डन केलेलं.

"खजिना रिकामा करून पाठवलेत. जपून वापर."

बुधवारी कचेरीतले साहेब कवायत बघायला येणार होते. शिट्टी झाली की मैदान रिकामं व्हायला हवं. नाहीतर वॉर्डनकी दुसऱ्याकडे, हेल्मेटसकट. 

जीप आली. काकांनी लसणाची सालं झटकून हेल्मेट चढवलं. छाती भरून शिट्टी फुंकली.

मैदानात चार पोरं आणि एक शेळी होती. शेळी तेवढी पळाली. दारं धडाधड उघडली आणि अख्खी कॉलनी बादल्या, पातेली घेऊन मैदानात आली. पाऊस ओढ देऊन बसला होता. दिवसाआड टँकर येई, आणि त्याचा ड्रायव्हर अशीच शिट्टी वाजवी.

काकांनी आणखी जोरात फुंकली. राहिलेलेही आले.

"मी पहिली!" कुसाबाई ओरडल्या. "परवा मला मागं ढकललंत!"

 

"पगारे," साहेब म्हणाले, "मैदान रिकामं करायचं होतं. तुम्ही भरलंत."

साळूबाईंनी नवऱ्याचं तोंड पाहिलं. हातातली बादली डोक्यावर उपडी घातली आणि मटकन खाली बसल्या. बादलीतून आवाज आला, "बसा गं सगळ्या! ह्यांचं हेल्मेट जाईल!"

बघता बघता मैदानभर बादल्या उपड्या झाल्या.

"हे आदेशात नाही," साहेब म्हणाले.

"सरकारनं दोन सेल दिले, साहेब. बाकीचा खर्च जनतेनं केला," काका म्हणाले.

साहेबांनी हसू लपवायला जीपकडे तोंड फिरवलं. "दोन्ही शिट्ट्या वेगळ्या करा. भिंतीवर लिहा. शनिवारी येऊन बघतो. तोवर हेल्मेट राहू दे."

संध्याकाळी चंदरनं रंगाचा डबा धरला. काकांनी लिहिलं, 'दोन आखूड शिट्ट्या : टँकर.' खाली, 'एक लांब शिट्टी :' एवढं झालं आणि अंधार पडला.

पुढं बातमी आली, स्कायलॅब ऑस्ट्रेलियाकडे पडली. साहेब काही पुन्हा फिरकले नाहीत.

"ओळ पुरी करू का?" चंदरनं विचारलं.

"थांब रे. वर अजून बरंच काय काय फिरतंय म्हणतात. खाली काय येतंय ते कळू दे."

सत्त्याऐंशीत काका गेले. हेल्मेटात पुन्हा लसूण आला. दर दिवाळीआधी चंदर भिंतीवरची ती अक्षरं पुन्हा रंगवतो, आणि दुसऱ्या ओळीच्या दोन टिंबांपाशी आला की ब्रश उचलून घेतो.