शेवटच्या रांगेपत्तुर

अक्का कुठंबी आत शिरायची ना, आधी उंबऱ्याला हात लावायची, तो हात कपाळाला, आन मग मोठ्यांदा, "आले वो मंडळी!" मग ते किराना दुकान असू द्या न्हाईतर आमच्या कँटीनची कोठी. कोठीत कोन असनार, कांदे आन पिठाच्या गोन्या. तरी म्हनायचीच. मी पयल्यांदा बघितलं तवा मला वाटलं बाईच्या डोक्यात फरक हाय. मग कळलं, ती नाटकात काम करती आन तिला समदीच दारं स्टेजची वाटत्यात.

तुमी बी अशी बाई बघितली असंल. आपल्याकडं जत्रंला गावातली पोरं नाटक बसवत्यात, राजा गावातला, परधान गावातला, पन बाईच्या कामाला गावातली कोन उभी राहनार? मग ती बाई बाहेरून आनायची. ती दुपारच्या टेम्पोनं येती, पोरांबरूबर एकदा वाक्यं म्हनून बघती, तोंडाला रंग लावती आन उभी राहती. नाटक सरलं की तिचं नाव बी कोनाला आठवत न्हाई. ती बाई म्हंजे आमची अक्का.

जत्रा सरल्या की ती आमच्यातलीच. सुप्याला एका कंपनीच्या कँटीनमधी आमी चपात्या करायचो, मी लाटायची, ती भाजायची. खोली बी शेजारी, मधी नुसता पत्रा. तिचं घोरनं मला ऐकू यायचं, आन ती म्हनायची, तुझं भ्यानं मला ऐकू येतं.

भेते मी, खरं हाय. माझे आई-बाप पाथर्डीकडचे, दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊस तोडाया जायचे, आमी लेकरं संगं, शाळा तिथंच राहायची, सातवीनंतर तर राहिलीच. उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत वाढलेलं मानूस हळूच बोलतं, मुकादम बाहेरच असतोय ना. ती सवय अजून गेली न्हाई, मला काय मागायचं झालं तरी घशातल्या घशात.

अक्का तव्यावरून वरडायची, "काय गं मने, चपातीच्या कानात बोलतीस का? पोटातून बोल! शेवटच्या रांगेपत्तुर गेलं पायजे!"

एकदा मी इचारलं, "अक्का, शेवटच्या रांगंत कोन असतंय वो?"

"बाया," ती म्हनली. "लेकराला पाजून, भांडी घासून उशिरा आलेल्या. पुढं त्यांना जागाच नसती. पुढचे काय गं, ते मला बघाया आलेले असत्यात. ऐकाया आलेल्या माघंच बसत्यात."

लोक तिला लई खोदून इचारायचे, गाव कोनतं, आडनाव काय. गावात नाटकाला गेली की च्याच्या आधी आडनाव, म्हंजे कोनत्या कपात द्यायचा ते ठरतं. अक्का म्हनायची, "आज मी पाटलाची सून हाय. सुनंला देत्यात त्या कपात द्या." त्यावर लोक हासायचे आन मग येगळ्या ठिवलेल्या काचंच्या गिलासात द्यायचे. ती ते आमाला सांगून लई हासायची, पन तिच्या खोलीत कप एकच परकारचे हुते, सुपरवायजर आला तरी तोच, झाडूवाली आली तरी तोच.

"रंग लावलाय तवर म्याडम," म्हनायची, "आन रंग धुतला की, ए बाई, टेम्पो लागलाय."

निवडनुका आल्या की तिला लई मागनी. चौकाचौकात परचाराची नाटकं असत्यात ना, त्यात. सकाळी एकाचं करायची, दुपारी त्याच्या इरोधातल्याचं. मी म्हनले, अक्का, लाज न्हाई वाटत? तर म्हनली, "वाक्य दोघांचं एकच असतंय गं, नुसतं उपरनं बदलायचं. मी राक्षसीन झाले म्हनून मानसं खाते का? काम म्हंजे काम. खोटं बोलनं हे माझं कामच हाय. पन मने, ते खोटं हाय हे समोरच्याला ठावं असतंय, म्हनून ते चालतंय."

हे ध्यानात ठिवा. माझं समदं ह्याच्यापायीच गेलं.

माझी परी तीन वर्साची. अंगनवाडी दुपारच्या आत सुटती आन माझी पाळी सांजंपत्तुर. हिचे पप्पा नागापूरला कामाला, ते पार अंधारातच येत्यात. शेजारची म्हातारी बघायची परीला, ती गावाकडं गेली ती गेलीच. मग एक दिस मी परीला कडंवर घेऊन कँटीनला गेले. सुपरवायजर म्हनला, "हे काय, बालवाडी हाय का?" मी आपली पदर चावत उभी. तर अक्का तव्यावरून अशी गरजली की जेवनारे सायब लोक हातात घास धरून बघाया लागले.

"सायब, लेकरू हाय, बॉम्ब न्हाई! कोठीत बसंल गप. आमी काय लेकरं घरी खुंटीला टांगून यायची का?"

"हळू, अवो हळू," तो म्हनला. "बसवा कोठीत. शेटच्या नजरंला पडू देऊ नका म्हंजे झालं."

शेट म्हंजे कँटीनचा ठेकेदार. हिच्या पप्पांचं काम बी त्याच्याच ठेक्यावर, आमच्या खोल्या त्याच्याच चुलत्याच्या. म्हंजे बघा, भाकरी त्याची, तवा त्याचा, पत्रा बी त्याचाच.

तवापासून परी कोठीत. मला वाटायचं ती रडंल, पन ती कसली रडती. भट्टी थंड झाली की अक्का ताटली वाजवायची, परी गोनीवर उभी राहायची, हात कपाळाला लावायची आन पोटातून, "आले वो मंडळी!" पिठानं केस पांढरे झालेले. अक्का म्हनायची, ही तुझी न्हाई गं, ही माझी हाय, हिचा आवाज बघ. मला आतून लई बरं वाटायचं आन तितकंच भ्या बी वाटायचं, कुनी ऐकंल म्हनून.

मग शेटचा मेव्हना निवडनुकीला उभा राहिला. शेटनी अक्काला बोलावून सांगितलं, बाजारतळावर नाटक करायचं, तुमी गावातली बाई व्हायचं. वाक्य असं हुतं, "दादांनी आमच्या लेकरांसाठी पाळनाघर केलं वो, आता कामाला जाताना कसलाच घोर न्हाई!"

अक्का चपाती फिरवता फिरवता ते पाठ करीत हुती. मी म्हनले, "अक्का, पाळनाघर कुठं हाय?"

"नाटकात हाय. राजाचा म्हाल तरी कुठं असतोय? नुसता पडदा असतोय."

नाटकाच्या दिशी शेटनी कँटीनला सुट्टी दिली, बायांना टेम्पोत भरून बाजारतळावर नेलं, टाळ्या वाजवाया. दुपार कलली हुती. मी परीला मांडीवर घेऊन पार माघं बसले, शेट पुढं खुर्चीवर, मेव्हना हार घालून. अक्का आली, मातीला हात लावला, कपाळाला लावला, झ्याक काम करीत हुती, लोक हासत हुते. मग तिनं ते वाक्य म्हनलं. कसलाच घोर न्हाई.

तर मधनंच एक बाई उठली. बाजाराला आलेली असंल, काखंला लेकरू, दुसऱ्या हातात मेथीची पिसवी. ती उभी राहिली आन खरंच इचाराया लागली, "कुठं हाय वो पाळनाघर? माझं बी एक ठिवायचंय. किती वाजेपत्तुर असतंय?"

समदे हासले. अक्का न्हाई हासली. मी तिचं त्वांड बघितलं, तिचं पुढचं वाक्य मला बी पाठ हुतं, ते आलंच न्हाई. ते खोटं हाय हे त्या बाईला ठावंच नव्हतं ना. ती जागा इचारीत हुती.

अक्का म्हनली, "बाई, न्हाई. कुठंच न्हाई. हे नाटक हाय." मग तिला राहावलंच न्हाई, पोटातून आलं, "आमच्याच कँटीनमधी एक लेकरू रोज पिठाच्या गोन्यांमागं बसतंय! सांजंपत्तुर! ही हाय आमची सोय!"

आन बोलता बोलता तिचा हात वर गेला. शेवटच्या रांगंकडं. ती कायम तसाच करायची हात, समद्या नाटकात, ती तिची सवयच. तिनं मला दावलं न्हाई. पन बाजारतळावरची समदी मुंडकी माघं वळली, आन शेवटच्या रांगंत मी, आन माझ्या मांडीवर परी. मी तिला पदराखाली घ्याया गेले तवर ती उभी राहिली बी, तिला वाटलं अक्कानं हात केला म्हंजे आपली पाळी, आन कपाळाला हात लावून ती वरडली,

"आले वो मंडळी!"

लोक लई हासले. शेट बी हासला. खुर्चीतून पार वळून माझ्याकडं बघत हासला.

दुसऱ्या दिशी कोठीला कुलूप. सुपरवायजर खाली बघून म्हनला, लेकरू आनायचं असंल तर तू बी येऊ नको. अक्काला तर फाटकातूनच लावून दिली. सांजंला शेटच्या चुलत्यानं तिला खोली मोकळी करायला सांगितली. हिचे पप्पा म्हनले, "तू त्या बाईशी बोलू नको, माझं बी काम जाईल." पन पत्र्यापलीकडं ती पेटी भरीत हुती, रंगाची, टोपाची, मला समदं ऐकू येत हुतं, मग मी गेलेच.

मी म्हनले, "अक्का, तुमी खरं बोलल्या. पन माझी परी आता ठिवू कुठं? तुमी पेटी उचलनार आन जानार. मी कुठं जाऊ?" मी इतक्या मोठ्यांदा जन्मात बोलले नव्हते, पल्याडच्या खोल्यांतून बाया बाहेर आल्या.

अक्का पेटीवर बसली. जिचा आवाज जत्रा भेदून जायचा ती कायतरी म्हनली, आन मला ते ऐकू आलं न्हाई, पार वाकावं लागलं.

"चुकलं गं मने," म्हनत हुती. "सवयीनं हात गेला."

मग परीच्या डोक्यावरून हात फिरवला आन गेली. जाताना उंबऱ्याला हात लावला, पन बोलली काय न्हाई. कोन म्हनतं भंडारदऱ्याकडं एका हाटेलात भाकऱ्या थापती, कोन म्हनतं जत्रंतबी आता तिला कोन बोलावीत न्हाई, स्टेजवर काय बोलंल नेम न्हाई म्हनून. फोन लागत न्हाई. निवडनूक झाली, मेव्हना आला निवडून. पाळनाघर काय झालं न्हाई.

आता मी कामाला जाताना परीला खोलीत ठिवते आन बाहेरून कुलूप घालते. काय करू, तुमीच सांगा. मी काम सोडलं तर शेट हिच्या पप्पांचं बी काढून घेईल. गॅसची नळी काढून ठिवते, पान्याचा तांब्या ठिवते, भाकरी ठिवते. आन तिला सांगते, आवाज करायचा न्हाई. आत एकटं लेकरू हाय हे कुनाला कळता कामा न्हाई, आमच्या गल्लीत रिकामी मानसं कसली कसली फिरत्यात.

पयल्या दिशी तिनं इचारलं, "हळूच बोलू?"

"हळूच बी नको."

"पोटातून?"

"न्हाई गं बाई. अजिबात न्हाई."

भट्टीवर माझा जीव थाऱ्यावर नसतोय, चपात्या करपत्यात, नवी भाजनारी शिव्या देती. सांजंला पळत येते, दाराला कान लावते. आतून काय बी येत न्हाई, आन त्या टायमाला माझं काय व्हतं ते मला सांगता येत न्हाई.

काल बी तसंच. किल्लीच लागंना. दार उघडलं तर परी पालथ्या बादलीवर उभी. तिनं खाली वाकून बादलीला हात लावला, तो कपाळाला लावला, छाती भरून घेतली आन त्वांड उघडलं, मोठं, जेवढं उघडतंय तेवढं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. आवाज न्हाई. व्हट हलत हुते, समदी वाक्यं म्हनत हुती ती.

मग तिनं हात वर केला, शेवटच्या रांगंकडं. तिथं दारात मी उभी हुते.