धाकट्याची रेघ

आमच्या गल्लीत कुणी गेलं की माग बंद होतात. हे कुणी ठरवून दिलेलं नाही. लग्न होऊन शहापुरात आले त्या पहिल्याच वर्षी एका सकाळी भाजी निवडताना मला एकाएकी काहीतरी कमी झाल्यासारखं वाटलं, पण काय ते कळेना. सासूबाई म्हणाल्या, कोण गेलं बघ गं. आवाज थांबला म्हणजे माणूस गेलं, हे त्यांना न सांगता कळत होतं. मयत उचलल्यावर लांबचे माग आधी सुरू होतात, शेजारचे मागून. घरच्यांचा माग त्या दिवशी चालवायचाच नसतो.

माझा नवरा विणकराच्या घरातला, पण मागावर कधी बसला नाही. तो एका सरकारी कचेरीत हिशेबाच्या टेबलावर होता आणि मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात. माग चालवायचे ते माझे दीर. त्यांची शेड आमच्या परसाच्या भिंतीपलीकडे आहे. दोघांत अंतर दोनच वर्षांचं, तरी माझा नवरा त्यांना शेवटपर्यंत 'धाकटा' म्हणायचा.

पन्नाशीनंतर त्याला रेडिओ ऐकण्याचा नाद लागला. गाण्यांचा किंवा बातम्यांचा नव्हे. पेनड्राइव्हएवढा एक स्वस्तातला रिसीव्हर त्याने मागवला होता. मुळात तो कॉम्प्युटरवर टीव्ही बघण्यासाठी बनवलेला. त्याला आणखी एक छोटी डबी जोडली की तो अगदी खालच्या फ्रिक्वेन्सी पकडायचा, जिथे साधा रेडिओ पोचतच नाही. गच्चीवरून नारळाच्या झाडापर्यंत त्याने तांब्याची तार ओढली आणि माडीवरच्या खोलीत लॅपटॉप मांडला. तिथे काय ऐकायचं, असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, बोलणारं तिथं कुणी नसतं, म्हणून बरं वाटतं. विमानतळाच्या खुणेच्या यंत्राचे टूं-टूं असे ठरावीक आवाज, दूर समुद्राकडच्या नौदलाच्या केंद्राची एकसारखी घरघर, कुठेतरी लांब पडणाऱ्या विजांची कडकड. पहाटे उजाडताना लांबचे आवाज एकदम क्षीण होतात आणि पुन्हा वर येतात. ते बघायला तो रोज लवकर उठायचा. मी शेजारी पुस्तक घेऊन बसायचे. यातलं मला जे थोडं कळतं ते तसं बसून कळलेलं.

तो आवाज साठवून ठेवत नसे, त्याला जागा फार लागते. चित्र मात्र रोज साठवायचा. पडद्यावर वरून खाली ओळीमागून ओळ उतरत जाते आणि प्रत्येक आवाजाची एक उभी रेघ होते. इतर लोक त्याला धबधबा म्हणतात. तो कापड म्हणायचा. आज कापड बरं उतरलंय, आज नुसत्या गाठी आहेत, असं.

गाठी मागांच्या. हल्ली नक्षीच्या साड्यांसाठी मागावर इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड बसवतात. त्याच्या वीजपेटीतून जो गोंगाट निघतो तो कानाला ऐकू येत नाही, पण रिसीव्हरला येतो. सकाळी गल्ली जागी झाली की पडद्यावर जाड जाड रेघा चढायच्या आणि विमानतळ, समुद्र, विजा सगळं बुडून जायचं. म्हणून आमच्या घरात करंट गेला की आनंद व्हायचा. गल्लीभर लोक वीज मंडळाला शिव्या देत असायचे आणि हा लॅपटॉप बॅटरीवर घेऊन माडीवर पळायचा.

खरी शांतता त्याला मिळाली ती निपाणीजवळ, माझ्या माहेरच्या शेतात. तंबाखू काढून झाली होती, रान मोकळं होतं. त्याने बांधाच्या कडेने लांबच लांब तार पसरली आणि झाडाखाली हेडफोन लावून बसला. संध्याकाळपर्यंत चार गावांत बातमी की सरकारी सर्वे चालू झालाय. दोन राज्यांच्या हद्दीवरच्या लोकांना तारेचा, टेपचा फार संशय. एक म्हातारा भिऊन विचारायला आला, "सायेब, सर्वे कुठल्या सरकारचा? इकडचा का तिकडचा?" माझ्या भावाने त्याला सांगितलं, "सर्वे न्हाय वो आप्पा. जावईबापू तंबाकूला करंट लावून बघालेत." पुढे बरीच वर्षं माहेरी गेलं की तेवढ्यावर हसणं व्हायचं.

गल्लीतल्या प्रत्येक शेडची रेघ त्याला ओळखू यायची. मलाही हळूहळू यायला लागली. समोरच्यांची बारीक आणि सरळ. देवळामागच्यांची तुटक. धाकट्याची रेघ सगळ्यांत जाड. सुरू झाल्यावर पेटी तापेपर्यंत ती डावीकडे थोडी सरकायची आणि मग स्थिर व्हायची. "धाकट्याची रेघ चढली," असं म्हणून तो हेडफोन काढून ठेवायचा. तिथून पुढे आंघोळ, नाश्ता, कचेरी.

एकदा त्याने भावाला सांगून बघितलं. पेटीला एक फिल्टर बसवून देतो, माझा त्रास वाचेल. भाऊजींनी ते हसण्यावारी नेलं नाही. दारात उभं राहूनच म्हणाले, "अण्णा, तू आयुष्यात सुताची एक कांडी भरली न्हाईस. आता माझ्या मागाचा आवाज बी तुला नको. आवाज बंद झाला तर आमी खायाचं काय, तुझं टूं-टूं?" माझ्या नवऱ्याने तो विषय पुन्हा काढला नाही. बोलणं बंद झालं असं नाही, पण दोघे नुसतं कामापुरतं बोलू लागले, आणि ते तसंच राहिलं.

थंडी सरताना एका सकाळी मी चहा घेऊन वर गेले, तर तो टेबलावर डोकं टेकून होता. हेडफोन कानावरून घसरला होता आणि त्यातून विमानतळाचं टूं-टूं येत होतं. पुढचं मला तुकड्यातुकड्याने आठवतं. कुणीतरी मला खाली आणलं. मुलगी पुण्याहून येईपर्यंत थांबायचं ठरलं. भाऊजी अंगणात कधी आले, कुठे उभे होते, काही आठवत नाही. घाटावर अग्नी त्यांनीच दिला, आम्हाला मुलगा नाही म्हणून. गल्ली शांत होती की नव्हती, तेही मी सांगू शकणार नाही. कानाजवळ माग चालू असता तरी त्या दिवशी मला ऐकू आला नसता.

लॅपटॉप मात्र चालूच राहिला होता. तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

पावसाळा संपत आला तेव्हा मी तो पहिल्यांदा उघडला. त्या दिवसाचं चित्र तारखेप्रमाणे साठलेलं होतं. मी वरून खाली बघत गेले. पहाटेचं कापड स्वच्छ. मग एकेक रेघ चढलेली, भाऊजींची जाड रेघही, डावीकडे सरकून स्थिर झालेली. त्यानंतर समोरच्यांची रेघ तुटली. तिच्या खाली कोपऱ्यावरच्या शेडची. मग देवळामागची. मग मला न ओळखू येणाऱ्या, लांबच्या गल्लीतल्या. बातमी दारोदार कशी गेली ते मला दिसत होतं. एवढी माणसं त्याच्यासाठी थांबली होती. जिवंतपणी त्याला दिवसा करंट असताना असं कापड कधी मिळालं नव्हतं. मधल्या मोकळ्या जागेत विमानतळाचे ठिपके, समुद्राची रेघ, सगळं सुईने काढल्यासारखं.

आणि बाजूला धाकट्याची रेघ. ती तुटली नव्हती. दुपार झाली, मुलगी आली असेल, मयत उचलली असेल, ती तशीच. थेट संध्याकाळी कधीतरी संपलेली.

मी शेजारच्या आक्कांना सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या दिवशी माग बंद होते का. त्या म्हणाल्या, "व्हय की गं, समदी बंद. असं कसं इचारतीस?" यावर दुसरं उत्तर कुणी दिलं नसतं. झालेलं असो वा नसो, असंच सांगतात.

तेव्हापासून माझ्या मनात एकच गोष्ट फिरत राहिली. दारातलं ते बोलणं आणि ही रेघ मी जोडून टाकली. दिवाळीला आमच्याकडे फराळ करायचा नव्हता म्हणून जाऊबाईंनी डबा आणून दिला. मी तो घेतला आणि उघडला नाही. भाऊजी दिसले की मी खाली बघायचे. मुलीला काही सांगितलं नाही. तिने विचारलं असतं, बाबांचं वर्षश्राद्ध मग कोण करणार? मलाही तेच कळत नव्हतं. पिंड द्यायला बसणार ते भाऊजी. ज्याने भाऊ घरात पडलेला असताना माग थांबवला नाही, त्याच्या हातचं पाणी त्याला का द्यायचं? अशा गोष्टींवर माझा फारसा विश्वास नाही, पण हा प्रश्न जाता जात नव्हता.

श्राद्ध आठवड्यावर आलं तेव्हा भाऊजी गुरुजींशी बोलून आले आणि काय काय आणायचं ते विचारायला आमच्या सोप्यात बसले. मी पाणी दिलं. मग म्हणाले, वैनी, तुमी लई दिवस झालं नीट बोलत न्हाई. मी त्यांना माडीवर चला म्हटलं.

चित्र दाखवलं आणि प्रत्येक रेघ कुणाची ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पडद्याला बोट न लावता वरून खाली नेलं. समोरच्यांची रेघ तुटते तिथे थांबले, देवळामागची तुटते तिथे थांबले. मग आपल्या रेघेवरून बोट खाली नेत राहिले. ती लवकर संपेना.

"म्हंजे अण्णा पडलेला असताना मी माग चालवत हुतो," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

मी म्हटलं, "मला माहीत नाही. तुम्ही सांगा."

खाली त्यांच्या शेडमध्ये माग चालू होता, कामगार होता. भाऊजी म्हणाले, "आठवत न्हाय, वैनी. खोटं कशाला सांगू. पोरगं पळत आलं, तुझा अण्णा गेला म्हणालं. तिथनं फुडं घाटापतोर काय केलो, कुणाला काय बोललो, काय बी ध्यानात न्हाय."

मग त्यांना काहीतरी सुचलं. ही रेघ मागाची हाय का पेटीची, असं त्यांनी विचारलं. पेटीची, मी म्हटलं. "मग हितंच बसा," म्हणून ते जिना उतरले.

मी चित्र बंद करून रिसीव्हर चालू केला. पडद्यावर भर दुपारचा गोंगाट होता, त्यात त्यांची जाड रेघ. खिडकीतून शेडचं मागचं दार दिसतं. खटाखट चाललेला माग थांबला आणि ते दारात आले.

"आता?"

"आहे."

"माग बंद केलोय की."

"रेघ आहे, भाऊजी."

ते आत गेले. मेन स्विच पाडल्याचा ठक्क असा आवाज मला इथपर्यंत आला. रेघ तुटली.

"आता?"

"गेली."

ते तसेच दारात उभे राहिले. परसातून वर बघत होते, ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून हात कपाळाला लावला होता. माग थांबवला आणि स्विच पाडायचा राहिला, तरी रेघ तशीच उमटणार. माग दिवसभर चालवला, तरीही तशीच. इतके महिने मी जे वाचत होते ते चित्रात लिहिलेलंच नव्हतं. पण दुसरंही लिहिलेलं नव्हतं.

"यातून कळत नाही," मी खिडकीतून म्हटलं. "दोन्ही सारखंच दिसतं."

त्यांनी मान हलवली. सुटल्यासारखं काही त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. मग हळू आवाजात म्हणाले, आणि मला पुढे वाकून ऐकावं लागलं, "चालू ठेवलो असलो तर? हाताला सवय हाय, वैनी. डोकं जाग्यावर नसलं तरी हात आपला हात करतोय. न्हाय ठेवलो असं शपथ घिऊन मला सांगता येत न्हाय."

शेडच्या आतून कामगाराने काहीतरी विचारलं, सुरू करू का म्हणून असेल. त्यांनी त्याला हातानेच थांब म्हटलं.

"मग मी बसू का नको ते सांगा," ते म्हणाले. "तुमी नको म्हणालासा तर मी गुरुजींना सांगतो, पोरीच्या हातनं करा म्हणून. आजकाल करत्यात. मला वाईट वाटणार न्हाय."

त्यांना वाईट वाटणार होतं, हे वरूनही दिसत होतं. माग चालू ठेवला नव्हता, असं ठासून सांगितलं असतं तर मी कदाचित मानलं नसतं. स्विच चुकून राहिला असेल, एवढंच म्हणाले असते तर मानून टाकलं असतं. त्यांनी दोन्ही केलं नाही. मी समोर पडद्याकडे बघितलं. त्यांची रेघ गेल्यावर उरलेल्या गोंगाटात विमानतळाचे ठिपके फिकट दिसायला लागले होते.

"बसा," मी म्हटलं. "त्या दिवशी आंघोळ करून लवकर या. तोपर्यंत काही खाऊ नका."

ते व्हय म्हणाले आणि आत गेले. 'बसा' हे मी भाऊजींसाठी म्हटलं, की पिंड द्यायला घरात दुसरा पुरुष नव्हता म्हणून, हे मला आजही नीट सांगता येत नाही.