डिव्हिजनची धोबीण

महायुद्धात, एकेचाळीस सालच्या हिवाळ्यात, आमच्या गावच्या स्टेशनवर लाल सैन्याच्या पायदळाची एक आख्खी डिव्हिजन उभी राहिली आणि जर्मनांशी लढायला आघाडीवर गेली. तिच्याबरोबर माझी थोरली नणंद रिस्कुल आपाही गेली, धोबीण म्हणून.

मेलेल्यांच्या अंगावरून उतरवलेले कपडे गाड्या भरभरून यायचे. रक्ताने ताठ झालेले, शिवणीशिवणीत उवा वळवळणारे. ते कढईत उकळून धुवायचे, उकळताना थेट मांसाच्या रश्श्यासारखा वास यायचा; मग भोकं शिवायची आणि नव्या भरतीच्या पोरांना द्यायचे. साबण मिळायचा नाही, कारण पुरवठ्याचा कॅप्टन लोबारेव तो खेड्यापाड्यांत देऊन दारू आणायचा. बायका राखेने कपडे घासायच्या. हाताची सालं निघायची. न्यूरा नावाच्या धोबिणीने वर तक्रार केली, तर त्याने तिला जखमी उचलायला थेट गोळीबारात धाडलं. ती परत आली नाही.

हे सगळं आपाने मला मी लग्न होऊन घरात आले तेव्हाच सांगितलं होतं, कारण ती मांसाचा रस्सा तोंडाला का लावत नाही, असं मी विचारलं होतं.

विजयाला तीस वर्षं झाली, त्या सणाला हाच लोबारेव आमच्या गावात पाहुणा म्हणून आला. डिव्हिजनचा इतिहास त्यानेच लिहिला होता. छाती पदकांनी भरलेली. जेवणाआधी पाहुण्याच्या हातावर पाणी घालायचा मान सरपंचाने आपाला दिला.

लोबारेवने तिला ओळखलं नाही. हात पुढे करून तो हसत म्हणाला, "आमच्या धोबिणी काय गोड गायच्या! नव्याकोऱ्या कपड्यांत लढली आमची पोरं."

आपाने झारी खाली ठेवली.

"न्यूरा गात नव्हती," ती म्हणाली. "साबण कुठे गेला म्हणून विचारत होती. तू तिला मरायला पाठवलंस."

"कोण न्यूरा?" त्याने विचारलं. त्याला खरंच आठवत नव्हतं.

सरपंच कुजबुजला, "आपा, सणाचा दिवस आहे. घाला पाणी."

"तुम्हीच घाला. मला याच्या हातांची किळस येते."

ती बाहेर गेली आणि भिंतीआड भडाभडा ओकली. मी पाठ चोळत होते. खिडकीतून आतलं दिसत होतं. सरपंचाने स्वतः झारी उचलली होती. मानाच्या पाहुण्याला देतात ते मेंढीचं डोकं लोबारेवच्या पुढ्यात ठेवलं गेलं, त्याने रीतीप्रमाणे त्याचा कान कापून शेजारच्या पोराला दिला आणि सगळे जेवायला लागले. कुणी उठून बाहेर आलं नाही.

"चल घरी," आपा म्हणाली, "इथे वाससुद्धा सहन होत नाही."