अनंतकाकांचा ब्रश थांबला की पिक्चर चांगला

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. मूर्तीच्या कारखान्यात प्लास्टरची धूळ बसते तसे ते आपोआप साचतात, आणि एक दिवस फडका मारायला जावं तर पसाभर हाती लागतात! आमच्या रविवारच्या कंपूचे तर इतके साचलेत, की आज थोडे झटकतोच.

मी पेणचा. धंदा लग्नाच्या शूटिंगचा. त्यामुळे प्रोजेक्टर माझा, स्पीकर माझे आणि लाइट गेली की शिव्याही मलाच. जागा हमरापूरला, अनंतकाकांच्या गणपतीच्या कारखान्यात. तिथली मागची भिंत पांढरी आणि खिडक्यांना गोणपाट. दर रविवारी दुपारी जेवणं आटोपली की आम्ही तिथं म्युझिक डॉक्युमेंटरी बघतो. म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसांवरच्या खऱ्याखुऱ्या फिल्म्स. ही आयडिया काकांचीच. "साधा पिक्चर लावलास तर मी ष्टोरीत अडकतो, गणपती तसेच राहतात. गान्याचा लाव. त्यो कानानं बघता येतो."

आमची परीक्षाही त्यातूनच ठरली. काका रंगवत बसतात आणि फिल्म चालू असते. ब्रश चालूच राहिला तर फिल्म बेताची. ब्रश थांबला तर बघण्यासारखी! वर्तमानपत्रातले स्टार-बिर आम्ही मानत नाही.

बाकी मेंबर दोन. एक तुळसामावशी, खाडीकाठच्या खारेपाटातली. अर्धं आयुष्य मिठागरात गेलं, पण मूळची धवलारीण. म्हणजे आगरी लग्नात धवले गाऊन देवांना मांडवात बोलावणारी बाई. अर्ध्या तालुक्याची लग्नं तिनं लावली, स्वतःचं मात्र राहिलं. मी एकदा आगाऊपणे विचारलं तर म्हणाली, "मना कोन लावनार? धवलारीन मीच!"

दुसरे वसंतराव, रोह्याचे. कंपनीतून रिटायर, एकटेच, ढोलकी वाजवतात. ढोलकी पिशवीत घालून मांडीवर घेऊनच बसतात, जमिनीवर कधी ठेवत नाहीत. रोह्याहून गाडीनं यायचं, मागच्या खुर्चीत बसायचं, साडेपाचच्या गाडीनं परत.

या दोघांचं एकमेकांशी पटत नसावं, असं मला दोन वर्षं वाटत होतं. मावशी त्यांच्याशी बोलायची नाही, त्यांचं नावही घ्यायची नाही. चहा आला की मला म्हणायची, "शूटिंगवाल्या, त्या रोहेकराला इचार, च्या पायजे का."

*

पहिला हादरा एका परदेशी पियानोवाल्यानं दिला.

त्या रविवारी काकांची आखणी चालू होती. आखणी म्हणजे गणपतीचे डोळे रंगवणं. त्या वेळी काका श्वाससुद्धा बेतानं घेतात. खरं तर तेव्हा फिल्म लावायचीच नाही असा नियम, पण ऑर्डरची घाई होती आणि काकांना गाण्याशिवाय करमेना.

फिल्ममधला म्हातारा अगदी शांतपणे सांगत होता (खाली अक्षरं येत होती, मी मोठ्यानं वाचून दाखवत होतो): "माझी बायको मला सोडून गेली ते मला चौथ्या दिवशी कळलं. मी रियाज करत होतो."

"चौथ्या?" काका ओरडले. आणि ब्रश गेला वर!

गणपतीची एक भुवई पार कपाळाला टेकली. काका डोक्याला हात लावून बसले, म्हणाले, आता हा पुसून पुन्हा करायला लागणार. तेवढ्यात पेणचे एक वकील मूर्ती पसंत करायला आले. सगळी रांग हिंडून ते बरोबर त्याच गणपतीसमोर उभे राहिले.

"हाच द्या," म्हणाले. "घरी निदान एकाला तरी माझं बोलणं ऐकून नवल वाटतंय!"

*

एकदा मी एका परदेशी बँडची फिल्म लावली. तासभर बरी चालली होती. शेवटी त्यातल्या लांब केसवाल्यानं गळ्यातली गिटार काढली, दोन्ही हातांनी धरली आणि स्टेजवर आपटली. एकदा नाही, चार वेळा. तुकडे उडाले, आणि खालचं पब्लिक आनंदानं ओरडत होतं!

आमच्याकडे मावशीनं तोंडावर पदर घेतला.

वसंतराव उठले. चेहरा पांढराफटक. पिशवी छातीशी धरून स्टेशनकडे चालू लागले. गाडीला दोन तास होते, तरी गेले. मी मागं धावलो, सॉरी म्हणालो. थांबले नाहीत.

पुढच्या रविवारी आले, पण रिकाम्या हातानं.

"ढोलकी?" मी विचारलं.

"घरी आहे. तिची शांती केली. नारळ फोडला, हार घातला. आता आठ दिवस तिला कुठं नेणार नाय."

"पण झालं काय?"

"अरे, ती पिशवीत होती ना त्या दिवशी! तिनं सगळं ऐकलं."

*

रोह्याजवळच्या खांब गावात माझी सासुरवाडी. तिथल्या देवळात एका दुपारी आग्रहानं शो लावला. एका उत्तरेकडच्या भजन गाणाऱ्यावरची फिल्म होती, आवाज असा की अंगावर काटा यावा.

आता खांबचं भजनी मंडळ म्हणजे डबलबारीवालं. डबलबारीत एक बुवा गातो, मग समोरच्या बुवानं गाण्यातच उत्तर द्यायचं. नाही देता आलं तर हरला. पडद्यावरच्या गायकानं भजन संपवलं, डोळे मिटले आणि तेवढ्यात आमच्या बुवांनी पेटी पुढे ओढली! मला वाटलं कोणीतरी आवरेल. कसलं काय, पखवाजवालाही सरसावला. बुवांनी भिंतीकडे बघत जोरदार उत्तर दिलं, तान घेतली, हात पुढे करून थांबले.

डॉक्युमेंटरीवाल्यांची एक सवय असते. गाणं झालं की माणूस नदीकाठी चहा पिताना दाखवायचा. पडद्यावरच्या बुवानं कप उचलला आणि नदीकडे बघू लागला.

"बघा!" आमचे बुवा गरजले. "च्या प्यायला लागला! उत्तर नाय!"

देवळात टाळ्या, गुलाल, नारळ! मी हतबुद्ध. आजही खांबात कोणालाही विचारा, उत्तरेच्या बुवाला आमच्या बुवानं हरवलं म्हणून सांगतील.

हा किस्सा मी कारखान्यात रंगवून सांगितला. काका हसून हसून लाल झाले. मावशी मात्र हसली नाही.

"गानं झाल्यावं च्या प्यायला, ते ठीक," ती म्हणाली. "अर्ध्यावं नाय ना टाकलं? अर्ध्यावं टाकलं का बोलावलेलं देव मांडवातच ऱ्हातात. त्यांना जाता येत नाय."

मागून वसंतरावांना ठसका लागला. मी पाणी दिलं.

*

आता तुळसामावशीचं दुखणं सांगतो. हा किस्सा हसण्याचा नाही.

ती प्रत्येक रविवारी फिल्म सुरू होण्याआधी एकच प्रश्न विचारायची. "यात माझी आय हाय का?" मी नाही म्हणायचो. "बरं. लाव." आम्हाला ती गंमत वाटायची.

एकदा कुठल्याशा बेटावरच्या कोळणींच्या गाण्यांची फिल्म होती. त्यात एक म्हातारी कानावर हात ठेवून गायला लागली आणि मावशी ताडकन उठली. "आय!" असं ओरडून थेट भिंतीपाशी गेली आणि त्या म्हातारीच्या गालावर हात ठेवला. प्रोजेक्टरचा उजेड तिच्याच पाठीवर पडला.

मग हात काढून म्हणाली, "नाय. हिचं नाक येगलं हाय."

त्या दिवशी तिनं सांगितलं. ती एकोणीस वर्षांची असताना मुंबईची माणसं कॅमेरा घेऊन तिच्या गावात आली होती, लग्नाच्या गाण्यांची फिल्म करायला. तिच्या आईचा धवला त्यांनी टिपला. "दाखवू बोललं. आय वाट बघून बघून गेली. तिचा फोटोपन नाय माझेकडं. आता माझे डोल्यांत मोतीबिंदू आलाय. डोलं हायत तवर एकदा बघायची हाय मना."

मागून वसंतराव म्हणाले, "इतकी वर्षं झाली. रीळ सडलं असेल. खाऱ्या हवेत काय टिकतंय?"

मला त्यांचा इतका राग आला! म्हटलं, हा काय माणूस आहे!

*

रीळ सडलं नव्हतं.

गणपती बुक करायला मुंबईची एक मुलगी आली होती. बोलता बोलता कळलं, ती जुनी रिळं साफ करून कॉम्प्युटरवर घेण्याचं काम करते. मी मावशीची गोष्ट सांगितली. दोन महिन्यांनी तिचा फोन आला: खारेपाटातल्या लग्नगीतांवरची एक वीस मिनिटांची फिल्म सापडलीय.

त्या रविवारी मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून आली. आज प्रश्न विचारला नाही. वसंतराव येणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण आले. ढोलकी मांडीवर. काकांनी नवा गणपती पुढ्यात घेतला. मी बटण दाबलं.

ब्लॅक अँड व्हाइट. आधी मिठागरं, मिठाच्या राशी, मग मांडव. आणि कानावर हात ठेवून गाणारी एक उंच, काळीसावळी बाई. आवाज असा, की पत्रा थरथरावा.

मावशी हलली नाही. फक्त म्हणाली, "आय." मग बराच वेळ डोळे पुसत राहिली, आणि पुसता पुसता बघत राहिली.

कॅमेरा पाटावरच्या नवरीकडे वळला. मुंडावळ्या, हळद, खाली घातलेली मान.

"ती मी," मावशी म्हणाली.

आम्ही उडालोच! "मावशी, तुझं लग्न?"

"शूटिंगचं. खोटं. त्यांना लगीन दाखवायचं व्हतं."

कॅमेरा नवऱ्याकडे वळला. किडकिडीत, नुकती मिसरूड फुटलेला, डोक्याला मुंडावळ्या. आणि मांडीवर ढोलकी!

अनंतकाकांचा ब्रश थांबला. मागं वळून बघायची माझी छाती होईना.

तेवढ्यात पडद्यावरची बाई गाता गाता एकदम थांबली. सरळ कॅमेऱ्यासमोर आली आणि तळवा आडवा धरला. "बास. शेवटचं कडवं नाय. त्यात पोरांची नावं घ्यायची असतात. नावं घेतली का लगीन लागलं. तुमचे शूटिंगसाठी मी पोर देनार नाय."

पडदा काळा झाला आणि एक भारदस्त आवाज आला: "अशा रीतीने हा विवाहसोहळा आनंदात पार पडतो." संपली फिल्म!

तीस वर्षं मी लग्नं शूट करतोय, पण अर्ध्यावर सोडलेलं लग्न कधी बघितलं नव्हतं. वसंतरावच बोलले. "नवरा म्हणून ठरवलेला पोरगा कॅमेरा बघून पळाला. मी रोह्याहून ढोलकी वाजवायला गेलो होतो. बस म्हणाले, बसलो."

मावशी भिंतीकडे बघत मला म्हणाली, "आयनं लगीन लावलं नाय, शूटिंगवाल्या. पन हलद लागलेली सगल्या गावानं बघितली. मंग मना मागाय कोन आलाच नाय."

"मी आलो होतो," वसंतराव म्हणाले.

मावशी वळली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"पावसाळा संपल्यावर आलो होतो. तुझ्या आईनं दारातूनच परत लावलं. कंपनीतल्या माणसाला मिठागरातली पोर जमायची नाय, म्हणाली."

"मना कोनी सांगलं नाय," मावशी म्हणाली. एवढंच.

मग मला म्हणाली, "माझी आय परत लाव."

मी मागं नेऊन लावली. आई गायली, थांबली, तळवा पुढे केला.

"थांबव."

मी पॉज केलं. भिंतीभर आईचा तळवा. मावशी उठली, पदर नीट केला, कानावर हात ठेवला आणि जिथं आईनं सोडलं होतं तिथून पुढचं कडवं उचललं. आधी देवांची नावं आली, मग मिठाची, खाडीची. मग "तुळसा." आणि मग, दोन वर्षं जे तिच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नव्हतं ते, "वसंत."

मागं ढोलकी कधी पिशवीबाहेर आली होती ते मला कळलंच नाही. ठेका चालू होता.

कडवं संपलं. मावशीनं भिंतीला हात जोडले, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि खुर्चीत बसली. काकांच्या घरून चहा आला होता. कप बघून ती मला म्हणाली,

"शूटिंगवाल्या, ह्यांना इचार, च्या घेनार का?"