सगळ्यात लवकर पिवळा होणारा कंद

प्रयोगशाळेत त्यांना सगळे 'काट्यावरच्या बाई' म्हणत. अकरा वर्षं त्यांचं काम एकच: औषधी कंद सोलायचे, सावलीत वाळवायचे, दळायचे, तोलायचे आणि त्यांचा अर्क जांभळ्या द्रावणात टाकायचा. अर्कात गुण असला की जांभळा रंग ओसरून पिवळा होतो. किती मिनिटांत, ते बाई वहीत लिहायच्या. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर म्हणायचे, "एकवेळ माझं चुकेल, बाईंचं नाही."

त्यांचे यजमान शिंपी, जिभेचे तिखट. त्यांचं यकृत निकामी होत गेलं आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, "आता घरीच ठेवा." यजमान म्हणाले, "माझं माप घेऊन झालंय गं. कापड तेवढं फाडायचं राहिलंय."

बाईंनी सरांना विचारलं, "सर, तो रानकांदा सगळ्यात लवकर पिवळा होतो. माणसाच्या पोटात गेला तर?"

"बाई, नळीत घडतं ते पोटात घडेलच असं नाही. आणि त्याला आपण हातमोज्यांशिवाय शिवत तरी का नाही? विषारी आहे तो."

हे बाईंना पाठ होतं. नव्या मुलींना त्याच शिकवत. पण घरी तो पिवळा पडलेला चेहरा दिसला की वहीतले आकडेच तेवढे खरे वाटत. दोन चिमट्या भुकटी त्यांनी प्रयोगशाळेच्या कपाटातून कागदात बांधून आणली आणि रोज थोडी मधातून चाटवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी यजमानांना उलट्या सुरू झाल्या, नाडी मंदावली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "आजारच बळावलाय. हे होणारच होतं."

गप्प राहिल्या असत्या तर कोणाला काही कळलं नसतं.

"नाही डॉक्टर," बाई म्हणाल्या. "मी दिलंय." आणि कंद कोणता, किती दिला, कधी दिला, सगळं घडाघडा सांगितलं. डॉक्टर धावले.

बाहेर दीर उभे होते. "वहिनी, एखाद्या अडाण्यानं केलं असतं तर समजू शकलो असतो."



दुसऱ्या दिवशी सर आले. यजमानांची चौकशी केली, खाली बघतच कपाटाची किल्ली मागितली. बाईंनी पदराची गाठ सोडून ती दिली.

संध्याकाळी नाडी ठिकाणावर आली. "कंदाचा अंमल उतरला," डॉक्टर म्हणाले, "पण यकृताचं आहे तसंच आहे."

यजमानांनी डोळे उघडले. "काय चाटवत होतीस गं?"

बाईंनी सांगितलं. ते विष होतं, हेही सांगितलं. आता ते ओरडतील, निदान टोमणा तरी मारतील, म्हणून त्या मान खाली घालून बसल्या.

"कडू होतं फार," यजमान म्हणाले. "म्हटलं, एवढं कडू आहे म्हणजे गुण येणार." मग त्यांनी बाईंचं मनगट धरलं. "दुसरा कुठला कंद नाही का गं तुमच्याकडे?"

ते थट्टा करत नव्हते. बाई नुसती नकारार्थी मान हलवत राहिल्या, आणि ते मनगट सोडेनात.