एका वाफ्यापुरतं बी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं असेल, तर टोमॅटो खाल्ले. परसात, खाटेवर बसून, ऊन उतरल्यावर. स्टीलच्या ताटात चार ढीग आणि मधे मिठाची वाटी. मीठ बंद करा असं बायकोला डॉक्टरनं सांगितलं होतं. वाटी तिनंच आणली. त्या रात्री ती झोपेतच गेली. पहाटे कधीतरी, असं डॉक्टर म्हणाले. नक्की वेळ कुणालाच माहीत नाही. शेजारच्या खाटेवर मी होतो, मलाही नाही.

टोमॅटो म्हणजे बाजारातले मोठे नव्हेत. बोराएवढे, ज्याला आता सगळे चेरी म्हणतात ते. आमची लेक अंथुर्ण्यात दिली आहे. तिनं बारामतीच्या शेती प्रदर्शनातून तीन पाकिटं आणून दिली होती. एक पिवळी, एक काळी, एक लांबडी लाल. बी धरता येईल, म्हणजे फळातलंच बी ठेवून पुढच्या साली लावता येईल, असे वाण होते. चौथी जात आमच्या न्हाणीच्या पाटाला आपसूक उगवली. गोल, लाल, पातळ सालीची. बी कुठनं आलं ते देवाला ठाऊक. मी ती रोपं उपटायला निघालो होतो, बायकोनं उपटू दिली नाहीत. आपल्या हातानं वाफ्यात नेऊन लावली. प्रत्येक जातीची दोन झाडं ठेवली. बांबूची काठी, सुतळी, बुडाला उसाच्या वाळक्या पानांचं, म्हणजे पाचटाचं, आच्छादन, पाणी न्हाणीचं.

पण माझी कंबर गेलेली आणि तिला चार पावलं टाकली की धाप लागायची. आठ झाडांचं करणं दोघांनाही होईना. तेव्हा ठरलं की पुढच्या साली एकच वाफा, एकच जात. कुठल्या जातीचं बी धरायचं ते दोघांनी मिळून ठरवायचं. एवढीच गोष्ट होती. मी मात्र ती कारखान्याचं काम असल्यासारखी केली.

मी चौथी शिकलेला माणूस. कारखान्याच्या शेतकी खात्यात मजूर म्हणून जन्म गेला. ऊस तोडायला आला का ते बघायला साहेबाबरोबर फडात जायचं, कांड्याला भोक पाडायचं, रसाचा थेंब काचेवर टाकायचा आणि नळीला डोळा लावून उजेडाकडं बघायचं. आत आकडे दिसतात. त्याला ब्रिक्स म्हणतात. रसात गोडी किती, ते त्यावरनं कळतं. भवानीनगरला माझ्याबरोबरच्या एका माणसाकडं तसली जुनी नळी पडून होती, ती मी मागून आणली. वजनाला ताणकाटा होताच. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रेघा मारल्या. एका रकान्यात वजन, एकात गोडी. तिसरा रकाना तिच्या तोंडाचा.

नळी बघून ती म्हणाली, "आता मला बी लावा काचंवर. बघा, म्हातारी तोडायला आली का."

"तुला लावली तर काच तडकंल," मी म्हणालो.

अजूनही लोक विचारतात, "आबा, यातली कुठली लावू?" सांगून सांगून थकलो, म्हणून इथं एकदाचं लिहून टाकतो.

माल पाहिजे असेल तर लांबडी. दर दोन दिवसांनी पातेलं भरायची. तोडून आठ दिवस ठेवली तरी हूं का चूं नाही. गोडी सात. साल मात्र जाड. बायको म्हणायची, "टोमॅटो खातीया का चप्पल, तेच कळंना."

गोड पाहिजे असेल तर पिवळी. गोडी नऊ, ऊन चांगलं पडलं तर दहाला टेकायची. वजनात दुसरा नंबर. पण पाणी जरा जास्त झालं की झाडावरच तडकते, मग मुंग्या. मला हीच ठेवायची होती. बायको म्हणायची, "गोड हाय. बारक्या पोरांना द्यावी."

काळी उशिरा येते आणि कमी येते. तपकिरी रंगामुळं पिकली का सडली ते कळत नाही. पण मिठाला लावून खाल्ली तर तिच्यासारखी तीच. बायको म्हणायची, "पाव्हण्यासारखी हाय. आली तर बरं वाटतं, पण रोज नगं."

राहिली गोल लाल. गोडी पाच. आंबट. वजनात सगळ्यांच्या मागं. दोन झाडं मिळून एका वेळी ओंजळभर निघाली तर निघाली. मला त्याचं नवल वाटायचं, कारण फुलं लांबडीएवढीच यायची, हिरवी फळंही घोसानं दिसायची. मग पिकलेली जायची कुठं? मी बुलबुलाच्या नावानं खडे फोडले. जुनी साडी झाडांवर टाकली, तरी तेच.

"बुलबुल लई माजल्यात औंदा," बायको म्हणायची आणि भाकरी उलटायची.

तिच्या रकान्यात गोल लालपुढं मी प्रत्येक वेळी एकच शब्द लिहिलाय. "हीच."

तर त्या दिवशी शेवटचा निकाल लावायला बसलो होतो. उन्हाळा तोंडावर आलेला, पाणी कमी होणार, तीन जातींची झाडं काढून तिथं गवार टोचायची होती.

"डोळे झाक," मी म्हणालो.

"झाकते. कुठं ढकलून देऊ नका म्हंजी झालं."

मी एकेक तिच्या हातावर ठेवत गेलो. पिवळीला ती थांबली, मग म्हणाली, "गोड." काळीला म्हणाली, "बरी हाय." लांबडी सालीवरनंच ओळखली. गोल लाल दाताखाली फुटली आणि तिचा चेहरा उजळला. खोटं कशाला सांगू, उजळला. मला ते दिसलं, आणि दिसूनही राग आला.

"हीच. हीच ठिवा," ती म्हणाली.

"अगं पर का? गोडी पाच. वजन न्हाय. त्यात पाखरं खात्यात. हाय काय हिच्यात?"

"मला हिचीच चव येती."

"तुझ्या तोंडावर वाफा अडकवू व्हय? म्या मोजलंय समदं."

"मोजा की. ह्यो काय तुमचा ऊस हाय का?"

"तुला न्हाय कळत त्यातलं. उद्या सकाळी लालची दोन्ही झाडं काढतो."

ती ताट घेऊन उठली. धाप लागली म्हणून दाराला धरून उभी राहिली. "काढा," ती म्हणाली. "कागूद तुमचा, कुदळ तुमची. म्या कवा आडवी आलीया?"

रात्री जेवलो. ती म्हणाली, दार लावा, मांजर शिरतं. मी लावलं. एवढंच बोलणं झालं.

पुढचं मला दहाव्याच्या दिवशी कळलं. पाहुणे जेवून गेले होते, मी कॅलेंडरचा कागद घेऊन बसलो होतो. लेक जवळ येऊन बसली.

"आबा, आईला दिवाळीपासनं कशाचीच चव लागत न्हवती," ती म्हणाली. "गोळ्यांनी गेली म्हणायची. आंबट तेवढं जरा कळायचं."

मी कागद दाखवला. "आन हे? गोड, बरी, पाव्हण्यासारखी?"

"तुमच्या तोंडाकडं बघून सांगत आसंल."

"मग मला सांगायचं न्हाय व्हय?"

लेक माझ्यासारखीच आहे, तिला गोड बोलता येत नाही. म्हणाली, "सांगितलं आसतं तर तुमी इचारायचं बंद केलं आसतं. जलमभर तिला कवा काय इचारलंत? घर कुठल्या तोंडाचं बांधायचं, गाय कुठली घ्यायची, मला कुठं द्यायची? पयल्यांदा इचारलंत ते ह्या टोमॅटूचं."

लेकीचं म्हणणं खरं होतं. संसारात मी तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, दारू पिऊन आलो नाही. एवढं केलं म्हणजे झालं असं मी समजत होतो. तिला एका शब्दानं विचारावं असं मनातच आलं नाही. टोमॅटोचंही मी तिच्यासाठी विचारत नव्हतो. रकाना भरायचा होता म्हणून विचारत होतो. आणि ती जिभेला काही लागत नसताना माझ्यापुढं बसून, डोळे मिटून खात होती.

पण भांडणाच्या दुसऱ्या सकाळी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नेहमीसारखा उजाडू लागताच उठलो. ती कुशीवर झोपली होती, तोंड भिंतीकडं. रुसली की ती तशीच झोपते. म्हटलं झोपू दे, उठायच्या आत काम उरकावं, म्हणजे तोंड वाजवायला नको.

कुदळ लागलीच नाही. पहिलं झाड हातानंच आलं, माती ओली होती. बुडाचं पाचट त्याच्याबरोबर उचललं गेलं आणि खाली मला त्या दिसल्या. टोमॅटोच्या देठाच्या टोप्या. चांदणीसारखी पानं असतात बघा वर, त्या. वरच्या हिरव्या, खालच्या वाळून करड्या झालेल्या. एक नाही, दोन नाही, ओंजळी भरतील एवढ्या. दुसऱ्या झाडाखालचं पाचट पायानं सारलं, तिथंही तेच.

बुलबुल टोपी खुडून बाजूला ठेवत नाही, आणि पाचट वर करून खाली झाकत तर नाहीच. दुपारी मी पडलो की ती भांडी घासायला परसात यायची. सगळा माल तिथंच संपत होता. माझा कागद खोटा होता. गोल लालचं वजन कमी नव्हतंच, ते माझ्या ताणकाट्यावर येतच नव्हतं.

मला हसू आलं. राग यायला पाहिजे होता, हसूच आलं. एवढी म्हातारी बाई, आपल्याच परसात चोरी करते आणि माझ्यासमोर पाखरांना शिव्या देते. उपटलेलं झाड तसंच परत खड्ड्यात उभं केलं, मुळं पसरली, माती ओढली, टाचेनं दाबली. दोन घोस तुटले तेवढं सोडलं तर झाड धड होतं. काठीला सुतळीनं पुन्हा बांधलं. न्हाणीतनं बादली आणली.

मग खिडकीकडं तोंड करून मोठ्यानं हाक मारली. "आगं ये चोरटे! सापडली तुझी चोरी! ऱ्हाऊ दे तुझी लाल. हिचंच बी धरू."

आतनं आवाज आला नाही. म्हटलं, अजून रुसवा गेला नाही. मी आणखी दोन तांबे पाणी घातलं, आणि तिला दिसावं म्हणून झाडांवरची साडी काढून टाकली.